वॉर्साला विमानांची मदत का पुरली नाही?

प्रश्न : आमच्या वळिवड्यात युद्धकाळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. 1944 मध्ये पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, जर्मनांविरुद्ध उठाव झाला तेव्हा दोस्त राष्ट्रांनी विमानं पाठवली होती का? मग शहर का पडलं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पाठवली हो, आणि जिवावर उदार होऊन पाठवली. उठाव 1 ऑगस्टला सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत इटलीतल्या ब्रिंडिसी-फॉजियाहून पोलिश, ब्रिटिश, दक्षिण आफ्रिकन वैमानिक लिबरेटर, हॅलिफॅक्स ही बॉम्बफेकी विमानं घेऊन निघायला लागले, जाऊन-येऊन दहा-अकरा तास, तेही रात्री आणि शत्रूच्या डोक्यावरून. खाली शहर जळतंय, धुरात काही दिसत नाही, म्हणून विमान पार छपरांजवळ आणायचं, वेग कमी करायचा आणि शहरातल्या क्राशिन्स्की चौकावर पॅराशूट बांधलेली शस्त्रांची पिंपं सोडायची, आणि नेमकं तेव्हाच जर्मन तोफांना ते सोपं सापडायचं. कितीतरी पोरं परत आलीच नाहीत.

स्टॅलिननं सोव्हिएत ताब्यातले जवळचे विमानतळ वापरू दिले असते तर चित्र वेगळं असतं असं मला ठामपणे वाटतं. परवानगी मिळाली ती सप्टेंबरात, 18 तारखेला शंभरावर अमेरिकन बी-17 विमानं आली, पण तोवर उठाववाल्यांच्या हातात शहराचे तुकडेच उरले होते आणि उंचावरून टाकलेली बहुतेक पिंपं जर्मनांकडेच पडली. 63 दिवस झुंजून 2 ऑक्टोबरला उठाववाल्यांनी शरणागतीवर सही केली.