बाळाच्या नळीतले थेंब

प्रश्न : सिस्टर, आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीकडं. बायकोला 28व्या आठवड्यातच कळा आल्या. मुलगी झाली, वजन 1 किलो 50 ग्रॅम. बेळगावात व्हेंटिलेटरवर आहे, आज चौथा दिवस. श्वासाच्या नळीत पाण्याचे थेंब दिसतात, ते छातीत जातील का? हवा ओली करून द्यावी लागते म्हणे. आमच्याकडं जुलैत भिंतींना पाणी सुटतंय, मग वर आणि यंत्रातनं पाणी कशाला? वजन 90 ग्रॅमनं उतरलं तरी सलाइन मोजूनच देतात. आई म्हणते, पोर तहानलंय.
— एक वडील

उत्तर : दादा, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात माझी 31 वर्षं गेली. दाराशी बसलेली आजी कधी कानडीत 'नीरु कोडी (पाणी द्या), सिस्टर' म्हणायची, कधी 'घोटभर पाणी द्या की'. तुमच्या आईंचा जीव का तुटतो ते मला कळतं.

आधी जांबोटीचा पाऊस. छातीत 37 अंश ऊब असते आणि तिथं लिटरभर हवेत 44 मिलिग्रॅम वाफ लागते. तुमच्याकडची 22 अंशांची हवा पुरती भिजली तरी लिटरमागं 19 मिलिग्रॅमच वाफ धरते. निम्मीसुद्धा नाही! उरलेली वाफ आणि ऊब आपलं नाक, घसा पुरवतात. तुमच्या मुलीची नळी त्यांना वगळून थेट श्वासनलिकेत गेलीय. शिवाय व्हेंटिलेटरला बाहेरची हवा मिळतच नाही. भिंतीतल्या पाइपातनं येणारा ऑक्सिजन आणि दाबाची हवा, दोन्ही कोरडीठाक. म्हणून ती तापत्या प्लेटवरच्या निर्जंतुक पाण्याच्या डब्यातनं नेतात.

एका रात्री तो डबा कोरडा पडला होता. कुठल्या दवाखान्यात ते सांगत नाही, पण ड्यूटीवर मी होते. बाळाचा ऑक्सिजन उतरायला लागला, मी छातीकडं बघत राहिले. नळीकडं लक्ष गेलं तेव्हा आत एक थेंब नव्हता. बाळाच्या घशातली नळी अडीच मिलिमीटरची, तिच्यात कफ वाळून बसला होता. डॉक्टरांनी नळी बदलली, बाळ वाचलं. त्यानंतर प्रत्येक पाळीला मी पहिल्यांदा डब्यातलं पाणी बघायची.

तेव्हा थोडे थेंब दिसले तर घाबरू नका. ऊबदार हवा वाटेत गार होते आणि वाफेचं पाणी होतं. नळीला बाळापासून लांब उतार देतात, पाणी खालच्या बाटलीत जमतं, सिस्टर ते ओततात. नळीत पाणी साचून खळखळ ऐकू आली तर मात्र लगेच हाक मारा. स्वतः नळी उचलू नका, कारण तसं केलं तर पाणी खरंच छातीकडं जाईल.

आता तहान. इतक्या लवकर आलेल्या बाळाची कातडी फार पातळ, तिच्यातनं पाणी नुसतं उडून जातं. म्हणून काचेच्या पेटीतही ओल ठेवतात. हात घालायची खिडकी उघडी राहिली की ती ओल जाते, बघून झालं की खिडकी लावून घ्या. श्वासातनं जाणारं पाणी ओल्या हवेनं जवळजवळ थांबतं, तेवढं सलाइन कमी लागतं. जास्त दिलं तर हृदयाजवळची जी रक्तवाहिनी जन्मानंतर मिटायला हवी ती उघडी राहू शकते, फुप्फुसं पाणावतात, व्हेंटिलेटर लवकर सुटत नाही. बाळ पोटातनं जादा पाणी घेऊनच येतं, ते पहिल्या आठवड्यात उतरतं. 1050 ग्रॅमवर 90 ग्रॅम म्हणजे दहा टक्क्यांच्या आत. चौथ्या दिवसाला हे अपेक्षितच आहे.

रोज सकाळी तीन गोष्टी विचारा : वजन किती, चोवीस तासांत लघवी किती, रक्तातलं सोडियम किती. वजन भराभर उतरलं, लघवी आटली, सोडियम चढलं, तर पाणी खरंच कमी पडतंय आणि डॉक्टर ते वाढवतील.

आईंना सांगा, मध, गुटी, साखरपाणी काही आणू नका. त्यांनी सुनेजवळ बसावं, दर दोन-तीन तासांनी तिला दूध काढायला लावावं, रात्रीसुद्धा. चमचाभर निघालं तरी सिस्टरकडं द्या. डॉक्टरांनी हो म्हटलं की पोटातल्या नळीनं तेच पहिलं जाईल.