जँगोमध्ये 'भाव/नवीन/' उघडल्यास नवीन नोंदीच्या अर्जाऐवजी ४०४ का दिसते?

आपण विचारले आहे की जँगो या पायथनमधील संकेतस्थळे बनवण्याच्या चौकटीत पत्त्यांच्या यादीत 'भाव/नवीन/' ही ओळ असूनही तो पत्ता उघडल्यावर ४०४ (पान सापडले नाही) दिसते आणि वरची 'भाव/<स्ट्र:नाव>/' ही ओळ काढली की सारे सुरळीत चालते. दोष त्या ओळींच्या क्रमात आहे. जँगो यूआरएलपॅटर्न्सची, म्हणजे पत्त्यांच्या नमुन्यांची, यादी वरून खाली वाचतो आणि जी ओळ प्रथम जुळेल तिथेच थांबतो. खाली अधिक नेमकी ओळ असली तरी तो तिथवर पोहोचत नाही. स्ट्र हा पत्त्यातील बदलत्या भागाचा प्रकार तिरकी रेघ सोडून कोणताही मजकूर स्वीकारत असल्यामुळे 'नवीन' हेच नाव समजले जाते, त्या नावाची नोंद शोधली जाते आणि ती अर्थातच मिळत नाही. फ्लास्क या पायथनच्याच दुसऱ्या चौकटीत स्थिर (न बदलणाऱ्या) पत्त्याला आपोआप प्राधान्य मिळते, त्यामुळे तिकडून आलेला माणूस इथे हमखास फसतो.

'नवीन'ची ओळ वर घेतली की काम होईल. मात्र नोंदी क्रमांकाने शोधायच्या असतील तर स्ट्रऐवजी इंट (फक्त पूर्णांक घेणारा प्रकार) वापरणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण मग या दोन ओळींच्या क्रमाने काहीच बिघडत नाही.

पत्ते मराठीत ठेवणार असाल तर आणखी एक अडचण आताच सांगून ठेवतो. नागपुरात कळमन्याच्या बाजारातील संत्र्यांच्या भावांसाठी मी असेच एक संकेतस्थळ तयार केले, तेव्हा 'भाव/मृग/' आणि 'भाव/आंबिया/' या बहारांच्या पत्त्यांसाठी हौसेने स्लग हा प्रकार निवडला आणि दोन्ही पाने ४०४ देऊ लागली. स्लगला केवळ रोमन अक्षरे, इंग्रजी अंक, जोडरेघ आणि अधोरेघ चालतात, हे कळायला मला एक अख्खी दुपार लागली. इंटचेही तसेच आहे. त्याला 12 चालते, १२ चालत नाही. देवनागरी नावांसाठी स्ट्रच ठेवावे आणि ती ओळ स्थिर पत्त्यांच्या खाली लिहावी.

४०४ नेमके कुठून आले हे डीबग (चुका शोधण्याची सोय) चालू असताना त्याच पानावर दिसते: एकही ओळ जुळली नसेल तर तपासलेल्या ओळींची यादी येते, आणि ओळ जुळून पुढे व्ह्यूनेच (त्या पत्त्याला उत्तर देणाऱ्या कोडनेच) ४०४ दिले असेल तर त्या व्ह्यूचे नाव येते. आपल्या बाबतीत तपशिलाच्या पानाचा व्ह्यू दिसेल. ब्राउझर न उघडता खात्री करायची असल्यास जँगोच्या शेलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) रिझॉल्व्ह या फंक्शनला '/भाव/नवीन/' हा पत्ता द्यावा. तो कोणत्या व्ह्यूकडे जातो ते लगेच कळते.