तीन मीटर, तीन आकडे : खाऱ्या पाण्याच्या टँकचे प्रश्न

मरीन टँकवाल्या वाचकांचे प्रश्न या वेळी बरेचसे एकाच गोष्टीवर आलेत, पाणी नक्की किती खारट आहे ते मोजायचं कसं. म्हणून बाकीचे विषय (शेवाळ, चिलर, कोण कोणाला खातं वगैरे) पुढच्या अंकात घेतो, आज फक्त सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा. तो पीपीटीत सांगतात, म्हणजे किलोभर पाण्यात किती ग्रॅम क्षार, आणि समुद्राचं पाणी साधारण ३५ पीपीटी.

प्रश्न : माझा हातातला रिफ्रॅक्टोमीटर ३५ दाखवतो. तेच पाणी बाटलीत भरून दुकानात नेलं तर त्यांच्या डिजिटल मशीनवर ३३ आलं. मित्राकडे काचेचा तरंगणारा हायड्रोमीटर आहे, त्यावर १.०२३. टँक चिलरवर २५-२६ डिग्रीला असतो आणि मित्रानेही टँकमध्येच सोडून मोजलं. तिघांतलं खरं कोण? रिफ्रॅक्टोमीटर मी दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर टाकून शून्यावर आणतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : गंमत अशी आहे की तिघेही जवळपास एकच सांगतायत. तुमचं पाणी ३५ नाही, साधारण साडेतेहतीस आहे असा माझा अंदाज. कसा ते सांगतो.

रिफ्रॅक्टोमीटर पाण्यातून जाताना प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा सांगतो. बाजारात जे स्वस्त मिळतात त्यातले बरेच मुळात समुद्राच्या पाण्यासाठी बनलेलेच नसतात, ते साध्या मिठाच्या पाण्यासाठी असतात, म्हणजे खाद्यपदार्थांच्या कारखान्यात ब्राइन मोजतात त्यासाठी, आणि डबीवर मात्र मत्स्यालयाचं चित्र असतं. समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं, मॅग्नेशियम असतं, सल्फेट असतं, कॅल्शियम असतं, आणि त्यामुळे प्रकाश वळतो तो थोडा वेगळा वळतो. ३५ पीपीटीचं समुद्राचं पाणी प्रकाशाला जेवढं वळवतं तेवढंच वळवायला साध्या मिठाचं पाणी ३६.५ पीपीटीचं लागतं. त्यामुळे असा मीटर खऱ्या ३५ ला ३६.५ दाखवतो, आणि तो जेव्हा ३५ दाखवतो तेव्हा पाणी असतं साडेतेहतीसच्या आसपास.

आता मित्राचा हायड्रोमीटर. तो पाणी किती जड आहे ते सांगतो, १.०२३ म्हणजे गोड्या पाण्याच्या १.०२३ पट जड. त्याच्या काचेत आत एक कागद असतो, त्यावर बारीक अक्षरात तापमान छापलेलं असतं, ते बघायला सांगा. ६० फॅरनहाइट लिहिलं असेल (पुष्कळांवर तेच असतं) तर तो साडेपंधरा सेल्सियसच्या पाण्यासाठी आखलेला आहे, आणि २५-२६ डिग्रीच्या पाण्यात तो कमीच दाखवणार, कारण गरम पाणी हलकं. साडेतेहतीस पीपीटीच्या पाण्यात त्याने १.०२३ च दाखवायला पाहिजे. म्हणजे त्याचा मीटर चांगला आहे, फक्त तो तापमान मागतो आणि आपण ते देत नाही. दुकानातल्या डिजिटलचं म्हणाल तर त्याच्या माहितीपत्रकावर किती इकडेतिकडे होऊ शकतं ते लिहिलेलं असतं, काही मॉडेलवर चक्क दोन पीपीटी कमी-जास्त असं असतं. डिजिटल आकडा दिसला की आपण लगेच मान डोलावतो, पण तो पण मीटरच आहे.

राहिला तुमचा शून्याचा मुद्दा. शून्याला बरोबर म्हणजे ३५ ला बरोबर असं होत नाही. किराणावाल्याचा काटा रिकामा असताना शून्य दाखवतो म्हणून किलोला किलो मोजेलच असं नाही ना, त्यावर वजन ठेवूनच बघावं लागतं. रिफ्रॅक्टोमीटरचं वजन म्हणजे ३५ चं माहितीतलं द्रावण, आणि मीटर महाग की स्वस्त यापेक्षा तो कशाशी ताडून बघितलाय हे मी आधी विचारतो. तयार द्रावणाच्या बाटल्या मिळतात, नाहीतर घरी करता येतं, ते पुढच्या उत्तरात आहे.

मोजताना अजून एक. काचेवर थेंब टाकून झाकण लावलं की लगेच डोळा लावू नका, अर्धा मिनिट थांबा म्हणजे थेंब आणि काच एका तापमानाला येतात. बुडबुडा राहिला असेल तर पुसून परत. आणि मीटरवर एटीसी (तापमानाचा फरक आपोआप भरून काढायची सोय) लिहिलेलं असलं तरी ते साधारण १० ते ३० डिग्रीपर्यंतच चालतं, मे महिन्यात गॅलरीत उन्हात उभं राहून मोजलंत तर ते आकडे सोडून द्या.

टँक साडेतेहतीसला असेल तर घाबरण्यासारखं काही नाही, नुसते मासे असतील तर त्यांना काही फरक पडणार नाही. हळूहळू वर न्या.

प्रश्न : ३५ चं द्रावण घरच्या मिठाचं करता येतं असं ऐकलं. प्रमाण काय? प्रत्येक जण वेगळं सांगतो.
— एक वाचक, पनवेल

उत्तर : वेगळं सांगतात कारण प्रत्येक मीटरसाठी प्रमाण खरंच वेगळं आहे, आणि ते कोणी सांगत नाही. रिफ्रॅक्टोमीटरसाठी : ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम पाणी. कंडक्टिव्हिटी मीटर, म्हणजे पाण्यातून करंट किती जातो ते मोजणारा पेन, त्याच्यासाठी : ३२.९ ग्रॅम मीठ आणि ९६७.१ ग्रॅम पाणी. साधं मीठ करंट जास्त वाहतं आणि प्रकाश कमी वळवतं, म्हणून ही भानगड. एकाचं द्रावण दुसऱ्याला लावलंत की तीन-चार पीपीटीचा घोळ झालाच म्हणून समजा.

पाणीसुद्धा वजन करूनच घ्यायचं. लिटरच्या बाटलीत मीठ टाकून वरून खुणेपर्यंत पाणी भरलं तर द्रावण जवळजवळ एक पीपीटीने पातळ होतं. पाणी डिस्टिल्ड किंवा डीआय (फिल्टरने सगळे क्षार काढलेलं). किचनचा काटा एक ग्रॅमचा असेल तर दुप्पट करा, ७३ ग्रॅम मीठ आणि १९२७ ग्रॅम पाणी, म्हणजे काट्याची चूक अर्धी होते. पॉइंट झिरो वनचा छोटा पॉकेट काटा असेल तर शंभर ग्रॅम द्रावण पुरे, ३.६५ आणि ९६.३५.

मीठ पिशवीतलं साधं आयोडीनवालं चालतं, आयोडीन इतकं कमी असतं की मीटरला कळत पण नाही. लो-सोडियमवालं नको, त्यात पोटॅशियम मिसळलेलं असतं. सैंधव नको, खडे मीठ नको. आणि पावसाळ्यात कोकण-मुंबईकडे बरणीतलं मीठ किती ओलं होतं ते तुम्हाला सांगायला नको, त्यातलं पाणी तुम्ही मीठ म्हणून तोलता. कढईत मंद आचेवर हलवत कोरडं करा, झाकून गार होऊ द्या, मग तोला. गरम मीठ काट्यावर ठेवू नका, काटा नाचतो.

मग आधी डिस्टिल्डने मीटर शून्यावर आणा आणि हे द्रावण टाका. ३६.५ च्या आसपास आलं तर तुमचा मीटर साध्या मिठाचा. ३५ आलं तर समुद्राचा. दोन्ही केसमध्ये स्क्रू फिरवून याच द्रावणावर रेघ ३५ ला आणा आणि तिथेच ठेवा. नंतर डिस्टिल्ड टाकलं तर रेघ कदाचित शून्याच्या खाली जाईल, जाऊ द्या, आपला टँक काही शून्यावर चालत नाही. द्रावण घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, झाकण ढिलं राहिलं की पाणी उडतं आणि ३५ चं ३६ कधी झालं ते कळत नाही.

प्रश्न : घरच्या आरओसाठी घेतलेला टीडीएस मीटर आहे, तोच टँकमध्ये बुडवला तर नाही का चालणार?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. तो विरघळलेले क्षार मोजतो खरा, पण बहुतेक ९९९० पीपीएमपर्यंतच जातो (हजार पीपीएम म्हणजे एक पीपीटी) आणि समुद्राचं पाणी ३५,००० च्या घरात. त्याला आरओचं पाणी मोजू द्या, तिथे तो उपयोगाचा आहे.

प्रश्न : चांगला सॅलिनिटी पेन घेतला, पण सकाळी ३४.१, लगेच परत बुडवला तर ३४.९. पेन खराब निघाला का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : बहुतेक बुडबुडे. त्या पेनच्या टोकाला खाच असते आणि त्यात छोटा बुडबुडा अडकला की करंटला वाट कमी मिळते आणि आकडा कमी येतो. पाण्यात बुडवून हलकेच टिचकी मारा, ढवळा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) तोंडाशी किंवा स्किमरच्या (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) बाहेर जिथे फेस येतो तिथे मोजू नका, टँकमधून कपभर पाणी काढा आणि त्यात मोजा. काम झालं की साध्या पाण्याने धुवा, नाहीतर टोकावर मीठ सुकतं आणि पुढच्या वेळी तेच मोजलं जातं.

पेनवर तुमचा राग असला तरी पद्धत म्हणून हीच मूळ आहे बरं का, समुद्रशास्त्रात १९७८ पासून जी प्रॅक्टिकल सॅलिनिटी स्केल वापरतात ती कंडक्टिव्हिटीवरच बेतलेली आहे. २५ डिग्रीला कंडक्टिव्हिटी ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर म्हणजे ३५. पेन आकडा दाखवतो त्याआधी तापमानाचा हिशोब आतच करतो, म्हणून थंड पेन गरम पाण्यात बुडवला की त्याला मिनिटभर द्या.

प्रश्न : आमचं पूर्वी मिठागर होतं. वडिलांचा बोमे मीटर घरात आहे, काच शाबूत आहे. टँकसाठी वापरता येईल? आणि समुद्र जवळच आहे तर पाणी तिथूनच आणलं तर?
— एक वाचक, उरण

उत्तर : या पत्राने फार मजा आली. बोमे मीटर पण हायड्रोमीटरच आहे, तत्त्व तेच, पण तो मिठागराच्या कामाचा आहे. समुद्राचं पाणी त्यावर पावणेचारच्या आसपास दिसेल आणि आगरात मीठ बसायला लागतं ते पंचवीसच्या पुढेमागे, म्हणजे त्याची सगळी हुशारी वरच्या टोकाला. खाली आपल्याकडे एका बोमे डिग्रीत साडेनऊ पीपीटीच्या आसपास मावतात. पावणेचार आणि चार यातला फरक डोळ्याने ओळखून टँक चालवणार असाल तर तुमच्या नजरेला सलाम, पण कोळंबीला ते परवडणार नाही. मीटर जपून ठेवा, टँकसाठी दुसरा घ्या.

समुद्राच्या पाण्याबद्दल : जून ते सप्टेंबर विसरा. नद्या-खाड्यांचं गोडं पाणी येतं आणि ते हलकं म्हणून वरच पसरतं, तुमची बादली नेमकी वरचंच भरते. मग मोजलं तर २८, २५, कधी त्याहून कमी. उरणच्या बाजूला खाडी आणि बंदर दोन्ही असल्याने मी बाकीचं वर्षही तिथलं पाणी घेणार नाही, खारटपणा जमला तरी तेल आणि सांडपाणी मीटरमध्ये दिसत नाही. आणि पाणी आणायला गेलात तर किनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नका, ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात.

प्रश्न : प्लास्टिकचा काटेवाला हायड्रोमीटर टाकून देऊ का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : टाकू नका, पण त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, बदलावर ठेवा. काल १.०२५ होता आणि आज १.०२७ तर काहीतरी झालंय, एवढं तो बरोबर सांगतो. काट्याला बुडबुडे चिकटले की तो वर जातो आणि जास्त दाखवतो, पांढरा थर बसला की जड होऊन कमी दाखवतो. थर गेला नाही तर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा.

प्रश्न : २०० लिटरचा टँक, उन्हाळ्यात वर दोन फॅन लावतो. पाणी खूप उडतं म्हणून मीठ मिसळलेलं पाणीच तयार ठेवून भरत होतो. आता ३८ झालंय. सगळं पाणी बदलू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : सगळं बिलकुल बदलू नका. उडतं ते फक्त पाणी, मीठ टँकमध्येच राहतं, त्यामुळे भरायचं पण गोडं पाणीच. तुम्ही दर वेळी वरून अजून मीठ टाकत होतात.

आता खाली आणायचा हिशोब. दगड-वाळू वजा जाता तुमच्यात खरं पाणी १७० लिटर धरू. ३८ वरून ३५ म्हणजे तीन भागिले अडतीस, गुणिले १७०, साडेतेरा लिटरच्या आसपास. एवढं खारं पाणी काढायचं आणि तेवढंच गोडं घालायचं, पण एका दिवसात नाही, तीन दिवसांत थोडं थोडं, आणि रोज मोजून. मोजायच्या आधी दोन-तीन तास पंप चालू द्या म्हणजे वरखाली नीट मिसळतं. टँकच्या काचेवर स्केचपेनने लेव्हलची रेघ मारून ठेवा, नागपूरच्या मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ रेघेपर्यंत भरा किंवा सरळ ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) घ्या.

भरायला घरच्या आरओचं पाणी घेत असाल तर त्यात चवीसाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) मुद्दाम ठेवलेला असतो. साठ-सत्तर पीपीएमने सॅलिनिटी हलत नाही, पण फॅनवाल्या टँकमध्ये वर्षभर ते साठत जातं आणि त्यात सगळंच काही चांगलं नसतं. डीआय लावलेलं पाणी घ्या.

प्रश्न : दुकानदार म्हणतो त्याचे मासे १.०२० ला मस्त आहेत, ३५ चा हट्ट कशाला?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. १.०२० म्हणजे सत्तावीसच्या आसपास, मीठ कमी लागतं, काही परजीवींना ते मानवत नाही, आणि मासे आठवडा-दोन आठवडे राहून विकले जातात. मासा स्वतःच्या शरीरातलं मीठ सांभाळतो, त्याला खपतं. कोळंबी, तारामासा, अॅनिमोन यांना ते तेवढं जमत नाही, तारामासा आणि अॅनिमोन तर बाहेर जेवढं खारट तेवढेच आतून होतात, या सगळ्यांसाठी ३५. म्हणून दुकानातून काहीही आणलं की आधी पिशवीतलं पाणी मोजा. दोनपेक्षा जास्त फरक असेल तर पिशवी बादलीत रिकामी करून एअरलाइनच्या नळीला गाठ मारून टँकचं पाणी थेंब थेंब सोडा, कोळंबी किंवा तारामासा असेल तर दोन-तीन तास तरी, आणि बादलीतलं पाणी टँकच्या एक पीपीटी जवळ आलं की मगच आत सोडा.