एका माणसाचं गाव

प्रश्न : अमेरिकेतला माझा भाचा सांगत होता की तिकडे एका गावाची लोकसंख्या फक्त १ होती. आमच्या सोसायटीच्या एका मजल्यावर याहून जास्त माणसं आहेत, हे खरं का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : खरंय काका. गावाचं नाव मोनोवाय, नेब्रास्का राज्यातल्या गवताळ माळावर. १९३० च्या जनगणनेत तिथं १२३ माणसं होती, रेल्वे होती, शाळा, दुकानं सगळं होतं, पण शेतीत यंत्रं आली, शेतं मोठी होत गेली, माणसं कमी लागायला लागली आणि तरुण पोरं शहरात गेली ती गेलीच. १९६७ ला पोस्ट बंद, १९७४ ला शाळा. २००० मध्ये उरले फक्त नवरा-बायको, २००४ ला नवरा वारला आणि २०१० ला आकडा १. त्या आजीच महापौर, त्याच क्लार्क, त्याच खजिनदार, वर हॉटेलही चालवायच्या आणि दारूचं लायसन्स स्वतःच स्वतःला मंजूर करायच्या. नवऱ्याची ५००० पुस्तकं त्यांनी एका छोट्या शेडमध्ये लायब्ररी करून सगळ्यांसाठी ठेवली, मला हे सगळ्यात जास्त भिडलं. २०२० ला आकडा २ आला खरा, पण राहायला नवीन कुणी आलं नव्हतं, लोकांची खासगी माहिती उघड होऊ नये म्हणून तिथले जनगणनावाले आकड्यांत मुद्दाम थोडा फरक करतात.