कोळशाखालची माती: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: बंद पडलेल्या फायर क्लेच्या, म्हणजे भट्टीच्या विटांसाठी लागणाऱ्या उष्णतारोधक मातीच्या, खाणीत मातीच्या थरावर कोळशाचा पातळ पट्टा दिसतो. ही दोन्ही एकत्र का सापडतात?

उत्तर: कारण ही माती म्हणजे कोळसा झालेल्या जंगलाखालची जमीन. दलदलीतली झाडे साचून त्यांचा कोळसा झाला आणि ज्या चिखलात त्यांची मुळे होती तो खाली राहिला. ढेकूळ हातात घेतले तर पटकन कळते. शेलसारखे, म्हणजे थराथराच्या चिखलाच्या खडकासारखे, पापुद्रे सुटत नाहीत, कारण मुळांनी थर मोडलेले असतात. मुळांच्या चपट्या काळ्या खुणा आडव्यातिडव्या जातात. ढेकूळ फुटते तेही गुळगुळीत, चकाकणाऱ्या वाकड्या पृष्ठभागांवरून.

तापवल्यावर मातीला लवकर वितळवणारे पोटॅश, सोडा, चुना हे घटक मुळांनी शोषले, उरलेले दलदलीच्या आम्ल पाण्याने धुऊन नेले. मागे राहिले मुख्यतः केओलिनाइट हे मातीचे खनिज आणि बारीक वाळू. शुद्ध केओलिनाइटमध्ये ॲल्युमिना ३९.५ टक्के, सिलिका ४६.५ टक्के आणि बाकीचे पाणी असते. चांगली फायर क्ले १,५०० अंश सेल्सिअसच्या पुढेही आकार धरून राहते. ही धुलाई सगळीकडे सारखी होत नाही. बहुधा खालच्या भागात लोहयुक्त सायडेराइटच्या गाठी वाढतात, त्यामुळे थर जाड असला तरी कामाची माती त्याचा एखादा पट्टाच असतो.

प्रश्न: काढलेली माती महिनोनमहिने उघड्यावर का ठेवत?

उत्तर: खाणीतून ती चिखल म्हणून नव्हे, दगड म्हणून निघते. ऊन, पाऊस आणि थंडीने ती आपोआप भुगभुगीत होते, दळायला सोपी जाते. त्याच वेळी मातीतल्या पायराइटचा (लोह आणि गंधकाच्या खनिजाचा) काही भाग गंजतो आणि विरघळणारे क्षार पावसाबरोबर निघून जातात. पायराइटचे मोठे खडे मात्र हातानेच वेचावे लागतात. ते राहिले तर विटेवर वितळलेले काळे डाग पडतात, आणि झोतभट्टीत अशाच लोहाच्या ठिपक्यांवर कार्बन मोनॉक्साइडमधला कार्बन साचून वीट आतून फुटते.

पुढे दळलेल्या मातीत भाजलेल्या मातीचा चुरा मिसळतात, नाहीतर वाळताना आकुंचनाने तडे जातात. भाजताना ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान घाई नको. तेव्हा केओलिनाइटमधले पाणी सुटत असते आणि मातीतला कोळशाचा अंशही जळायचा असतो. पृष्ठभाग आधी बंद झाला तर आत काळा गाभा राहतो, वीट फुगते.

प्रश्न: आत खांब सोडलेले असताना जमीन वर्षांनंतर का खचते?

उत्तर: खोल्या काढून मधे खांब सोडायची पद्धत इथे कोळशाच्या खाणीइतकी भरवशाची नाही, कारण बऱ्याच ठिकाणी खांब मातीचा आणि तळही मातीचाच. तळ ओला झाला की खांब त्यात रुततो आणि वाटेचा तळ फुगून वर येतो. चालू खाणीत म्हणूनच कडेने पाण्याची नाली काढत, फुगलेला तळ पुन्हा पुन्हा छाटत आणि लाकडी टेकू बदलत. खाण बंद झाली की पंप थांबतो, पाणी भरते.

मग छत ढासळू लागते. पडलेला खडक सैल होऊन जास्त जागा घेतो, त्यामुळे पोकळी वर सरकता सरकता भरूनही येते. खोली २ मीटर उंच आणि खडक ३० टक्के फुगणारा असेल तर २ भागिले ०.३, म्हणजे सुमारे ७ मीटरवर ती थांबावी. हे गणित कागदावरचे आहे. ढिगारा बाजूच्या वाटेत पसरला किंवा पाण्याबरोबर वाहून गेला की ते चुकते, म्हणून सावधगिरीने खोलीच्या उंचीच्या दहापट अंतर धरतात. वर खडकाऐवजी सैल माती असेल तर तीच पोकळीत ओघळते आणि जमिनीवर अचानक खळगा पडतो.

प्रश्न: खाणीच्या तोंडातून नारिंगी पाणी येते. आत डोकावावे का?

उत्तर: रंग पायराइटमधल्या लोहाचा. आतून पाणी नितळ येते, हवा लागली की त्यातला गंज खाली बसतो. आत मात्र जाऊ नका. पायराइट आणि कुजणारे टेकू हवेतला ऑक्सिजन खातात. तो २१ टक्क्यांवरून १० च्या खाली गेला तर माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो, आणि त्या हवेला वास नसतो. बाहेरचा हवेचा दाब उतरला की हीच हवा तोंडापर्यंत येते. कालपर्यंत निर्धोक वाटलेले दार आज तसे असेलच असे नाही.