बाबासाहेब तुमचे सासरे कधीपासून झाले?

"जयभीम ताई. मी ६१ वर्षांची, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली स्टाफ नर्स. नागपूरला इंदोऱ्यात राहते. मिस्टर नाहीत. तीन वर्षांपूर्वी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर श्रीलंकेच्या एक बाई भेटल्या. टाचेला फोड येऊन बसल्या होत्या, मी ड्रेसिंग करून दिलं. तेव्हापासून दर पौर्णिमेला आमचा व्हिडिओ कॉल असतो. इंग्रजी दोघींचंही मोडकंतोडकं, पण वंदना एकच. आता त्या पंधरा दिवसांसाठी अनुराधपूरला बोलावतात. पासपोर्ट तयार आहे. मुलगा म्हणतो, एकटीनं परदेशात जायचं नाही, फोनवरच्या माणसाचा काय भरवसा, त्यापेक्षा ग्रुप टूरनं बुद्धगयेला जा. सूनही त्याचीच री ओढते. माझं मन मात्र तिकडेच लागलंय. त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या खऱ्या बौद्ध, आपलं सगळं ५६ नंतरचं, शिकायला मिळेल. (कॉलच्या वेळी मी भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो काढून ठेवते. एकदा त्यांनी विचारलं होतं, हे तुमचे कोण? मी घाईत सासरे म्हणून गेले.) मुलाची समजूत कशी काढू?"
– एक ताई, इंदोरा

जयभीम ताई.

मुलाचं राहू द्या. जन्मभर तुम्ही नाइट ड्युट्या केल्या, रात्री दोन वाजता दारू पिऊन आलेले पेशंटचे नातेवाईक आवरले, आणि आता चेन्नईहून जेमतेम दीड तासाच्या विमानाला तुम्ही घाबरावं अशी त्याची इच्छा आहे. त्याला परतीचं तिकीट आणि तिकडचा पत्ता द्या. समजूत काढायची नाही, तारीख सांगायची.

मी अडकले ते तुमच्या कंसात. सासरे! अहो, बाप म्हणाला असतात तर मी एका शब्दानं बोलले नसते. इंदोऱ्यातल्या अर्ध्या घरांत तेच म्हणतात आणि खोटं काही नाही त्यात. पण सासरे?

आता जरा त्या बाईंच्या बाजूनं बघा. त्या तुम्हाला भेटल्या कुठे? दीक्षाभूमीवर, तेही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. त्या दिवशी रहाटे कॉलनी चौकापासून कुठेही मान वळवा, बॅनरवर, कॅलेंडरवर, लॉकेटात, पोरांच्या टी-शर्टवर एकच चेहरा असतो. टाचेला फोड येईस्तोवर ज्या त्या गर्दीत फिरल्या, त्यांना निळ्या कोटातला माणूस ओळखू आला नसेल? त्यांनी 'हे कोण' असं विचारलंच नव्हतं. तुम्हीच लिहिलंय, 'हे *तुमचे* कोण?' त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. तुम्ही सासरे म्हणालात, आणि बाई सभ्य, गप्प बसल्या. नाहीतर मग खरंच मानून बसल्या असतील. म्हणजे आज अनुराधपुरात कुणीतरी शेजारणीला सांगत असेल की माझी नागपूरची मैत्रीण म्हणजे डॉक्टर आंबेडकरांची सून.

हसून घेतलं. आता दुसरं.

फोटो काढला की भिंतीवर मागे काय उरतं हे कधी कॅमेऱ्यातून बघितलंय का? एक चौकोन, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ, आणि वर खिळा. तीन वर्षं दर पौर्णिमेला त्या तो चौकोन बघताहेत.

तुम्ही तो का काढता ते मला कळतं, ताई. बाबासाहेब कोण हे सांगायला गेलं की महाडच्या चवदार तळ्यापासून सुरुवात करावी लागते. मग जात आली, मग आपली जात आली. आणि समोरची बाई जन्माची बौद्ध, तिच्यापुढे हे गाठोडं कशाला सोडा. माझी आई ५६ साली १४ ऑक्टोबरला पांढरं लुगडं नेसून त्या मैदानात उभी होती. बँकेत लागल्यावर मीही दोन वर्षं टेबलावर फोटो ठेवला नव्हता. म्हणून तुम्हाला रागावण्याचा हक्क मला थोडा जास्त आहे.

त्या 'खऱ्या'चं बघू. श्रीलंकेत एके काळी उपसंपदेची, म्हणजे भिक्खूंच्या पूर्ण दीक्षेची, परंपराच खुंटली होती. १७५३ मध्ये सयामहून, म्हणजे आजच्या थायलंडमधून, भिक्खू बोलावून ती पुन्हा सुरू करावी लागली. त्यातूनच सियाम निकाय, म्हणजे भिक्खूंचा तो पंथ, उभा राहिला. पुढे तिथेही जात आडवी आली, वरच्या जातीच्यांनाच उपसंपदा मिळू लागली, तेव्हा नाकारलेले लोक १८०० च्या सुमारास समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात गेले, दीक्षा घेऊन परतले आणि त्यांनी अमरपूर निकाय उभा केला. आपल्याला ओळखीची वाटत नाही का ही गोष्ट? बाबासाहेबांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणीही मूळचे ब्रह्मदेशाचेच. तुम्ही ज्या बोधिवृक्षाचं दर्शन घ्यायला जाणार, तोही बुद्धगयेची फांदी; सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा ती घेऊन गेली असं तिथली परंपरा सांगते. बाईमाणूसच ती, आणि तेव्हा विमानं नव्हती. त्याच अनुराधपूरच्या झाडाच्या फांद्या भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणल्या आणि आपल्या दीक्षाभूमीवर लावल्या. फांदीची फांदी, आणि तिचीही फांदी. यातली खरी कुठली ते तुम्हीच सांगा.

आणखी एक. तुमचे 'सासरे' तुमच्या आधी त्या देशात जाऊन आलेत. १९५० च्या मे महिन्यात, कँडीला, जागतिक बौद्ध परिषदेसाठी. दीक्षेच्या सहा वर्षं आधी. तेव्हा तर ते रीतसर बौद्धही झाले नव्हते, तरी गेले, बसले, बोलले. तुम्ही कशाला विद्यार्थिनी होऊन चालल्या आहात?

तर येत्या पौर्णिमेला फोटो काढायचा नाही. त्याच्या बरोब्बर खाली खुर्ची टाकून बसा आणि वंदना झाल्यावर सांगा: त्या दिवशी मी खोटं बोलले, हे माझे सासरे नाहीत. मग ते कोण ते सांगा, तळ्यापासून. इंग्रजी तोकडं पडू द्या. पाणी, विहीर, हाकलणं, एवढ्या गोष्टी हातवाऱ्यांनीही सांगता येतात. पेशंटशी तुम्ही भाषेशिवाय जन्मभर बोललात. ते बोलणं झालं की दुसऱ्याच दिवशी तिकीट काढा. आधी काढायचं नाही. पंधरा दिवस कुणाच्या घरी आंबेडकरांची सून म्हणून राहणं फार दगदगीचं होईल.

कपडे पांढरे न्या, तिकडे विहारात तेच घालतात. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, त्यांना ते खपत नाही. आणि संत्रा बर्फीचे दोन डबे घ्या. एक त्या बाईंना, दुसरा शेजारणींना. सुनेला बघायला त्या येतीलच.