माझ्या भाच्याला म्हापशात राहून टूरिंग कार रेसिंगमध्ये (रस्त्यावरच्या नेहमीच्या गाड्यांवर बेतलेल्या रेसगाड्यांच्या शर्यतींत) करिअर करता येईल का?

घर म्हापशात ठेवून येईल, पण सराव गोव्यात नाही होणार. तुमच्या 17 वर्षांच्या भाच्याला कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे नाहीतर चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक गाठावाच लागेल. आधी रेसिंग स्कूल, एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या नियामक संस्थेचं लायसन्स, मग राष्ट्रीय स्पर्धा.

चोर्ला घाटात गाडी पळवणं म्हणजे तयारी नव्हे. तो तसं करत असेल तर आजच थांबवा, कळकळीने सांगतो.

टूरिंग कारमध्ये खरा कस लागतो टायर सांभाळण्यात. टीसीआर या टूरिंग कारच्या एका वर्गातल्या गाड्यांना इंजिनची ताकद पुढच्याच चाकांवर मिळते. वळवणं, ओढणं, ब्रेकचा बहुतेक भार, सगळं त्याच दोन टायरांवर. सुरुवातीच्या फेऱ्यांत हावरटपणा केला की ते तापतात, आणि शेवटी स्टीअरिंग वळवलं तरी गाडी वळणाबाहेर सरकत राहते. हा संयम शिकायला वर्षं जातात.

बंगळूरचा अर्जुन मैनी सिंगल सीटरमधून (एकाच आसनाच्या, उघड्या चाकांच्या रेसगाड्यांमधून) येऊन 2021 मध्ये जर्मनीच्या डीटीएम या कार रेसिंग मालिकेत उतरला, म्हणजे वाट आहे. अडतं ते पैशांपाशी: टायर, इंधन, ठोकर बसल्यावरची दुरुस्ती. प्रायोजक मिळेपर्यंत घरच्यांनाच सोसावं लागतं, तेव्हा भाच्याच्या आईवडिलांशी आधी मोकळेपणाने बोला.